करुणेकडून न्यायाकडे : ‘यमुनापर्यटन’मधील विधवा आणि बायबलमधील सरव्याचा हक्क

प्रास्ताविक

कापणी झाल्यावर शेतात गळून राहिलेल्या लोंब्यांना मराठीत ‘सरवा’ म्हणतात. तळा तालुक्यासारख्या भातशेतीच्या प्रदेशात या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मराठी बायबलात हाच शब्द एका धर्मनियमाच्या संदर्भात येतो. शेताचे कानेकोपरे पूर्ण कापू नयेत, सरवा वेचून घेऊ नये, शेतात विसरलेली पेंढी आणण्यासाठी मागे फिरू नये. ते सर्व परदेशी, अनाथ व विधवा यांचे आहे, असे लेवीय व अनुवाद या ग्रंथांचे सांगणे आहे. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या मराठीतील पहिल्या मानल्या गेलेल्या कादंबरीचा विषय विधवांची स्थिती हाच आहे, आणि तिची प्रेरणा उघडपणे ख्रिस्ती आहे. बायबलमधील या शिकवणुकीचा किती अंश कादंबरीत उतरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बायबलमधील विधवा : याचक नव्हे, हक्कदार

बायबलमधील दुर्बलांविषयीचे नियम बारकाईने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. मालकाने सरवा वाटावयाचा नाही. तो शेतात तसाच सोडावयाचा आहे. वेचणारी स्त्री स्वतःच्या श्रमाने तो मिळवते. त्यामुळे दात्याचा उपकार आणि घेणाऱ्याची लाचारी या दोहोंना तेथे फारसा वाव राहत नाही. विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नये, गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी, हे नियम त्याच अध्यायातील आहेत. ‘तुम्हीही मिसर देशात दास होता’ ही आठवण त्यामागील कारण म्हणून दिली जाते. म्हणजे हा नियम समाजाच्या सामूहिक स्मृतीवर उभा आहे; केवळ व्यक्तीच्या मनाच्या कोमलतेवर नाही. लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यातही विधवा न्यायाधीशाकडे भिक्षा मागत नाही. ती न्याय मागते, आणि तो मिळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नाही.

हा ग्रंथ रायगडच्या किनाऱ्याला सर्वस्वी परका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएल येथे शतकानुशतके राहिले. रोहेकर, पेणकर, किहीमकर, तळकर ही त्यांची आडनावे येथील गावांचीच नावे जपतात. तेव्हा जुन्या करारातील न्यायविचार हा मिशनऱ्यांबरोबर प्रथमच आलेला विचार, असे म्हणणे या भूभागापुरते तरी अपुरे ठरते.

‘यमुनापर्यटन’ : सामर्थ्य आणि मर्यादा

कादंबरीची नायिका यमुना शिकलेली आहे. पती विनायक याच्यासमवेत प्रवास करताना तिला ठिकठिकाणी विधवांचे हाल दिसतात. पुढे ती स्वतः विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. प्रेक्षक म्हणून निघालेली स्त्री त्याच दुःखाची भागीदार होते, ही रचना प्रभावी आहे. केशवपन, उपासमार, कुटुंबातील अवहेलना यांना मराठी गद्यात इतक्या स्पष्टपणे स्थान देणे हे १८५७ साली धाडसाचे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि, कादंबरीचा मुख्य भर वाचकाच्या मनात करुणा जागवण्यावर आहे. तिने सुचवलेली सुटका शिक्षण, धर्मांतर आणि पुनर्विवाह या मार्गांनी येते. विधवेच्या उपजीविकेचा व जमिनीचा प्रश्न त्या तुलनेत मागे राहतो. या प्रश्नाचे महत्त्व कादंबरीच्या आदल्याच वर्षी झालेल्या १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यावरून कळते. त्या कायद्याने पुनर्विवाह वैध ठरवला, परंतु पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. संसार हवा असेल तर शेत सोडावे, असा तो व्यवहार होता.

यावर असा आक्षेप घेता येईल की, रूथची कथाही विवाहानेच संपते. मग दोष यमुनेच्या कथेलाच का द्यावा? आक्षेप योग्य आहे, परंतु दोन्ही कथांतील क्रम वेगळा आहे. रूथ ही मवाबी, म्हणजे परदेशी विधवा. विवाहाचा विषय निघण्यापूर्वीच ती सरवा वेचण्यासाठी शेतात उतरते आणि सासूचे व स्वतःचे पोट भरते. पुढे नगराच्या वेशीत वडीलधाऱ्यांसमोर नामीच्या जमिनीचा आणि रूथच्या विवाहाचा निर्णय एकत्रच होतो. तेथे विवाहासाठी जमिनीवर पाणी सोडावे लागत नाही. शिवाय सरवा वेचणाऱ्या स्त्रीला तिचा धर्म आधी विचारला जात नाही.

पंडिता रमाबाईंचे कार्य

न्यायाच्या या अंगाकडे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) अधिक जवळ गेल्या. १८८२ मध्ये वैधव्य आल्यावर त्यांनी पुनर्विवाह केला नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करून त्यांनी शिक्षण व स्वावलंबन यांवर भर दिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या स्त्रियांनी शेती, विणकाम आणि छपाईची कामे शिकून घेतली. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले आणि १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. विधवेविषयीचा धर्मनियम निराधार स्त्रियांनीच खिळे जुळवून छापावा, यात करुणेचे श्रमाच्या प्रतिष्ठेत झालेले रूपांतर दिसते. मात्र येथेही प्रश्न उरतो. धर्मांतराच्या वादातून १८९३ मध्ये शारदा सदनच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. आश्रय आणि श्रद्धा यांची सांगड कितपत असावी, हा तो वाद होता. सरव्याच्या नियमाचा निकष लावल्यास आश्रय विनाअट असावा, हेच उत्तर मिळते.

समारोप

१८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत वारसा दिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. कुंकू आणि बांगड्या यांचा सन्मान परत मिळणे आवश्यकच आहे. परंतु सातबाऱ्यावर वारसनोंद होत नाही तोवर तो सन्मान अपुरा राहतो. ‘यमुनापर्यटन’ने मराठी वाचकाला विधवेसाठी रडावयास शिकवले, हे तिचे ऐतिहासिक श्रेय आहे. ज्या ग्रंथातून तिने प्रेरणा घेतली, तो मात्र आणखी एक गोष्ट मागतो : शेताचा कोपरा सोडा. वर्गात ही कादंबरी शिकवताना यमुनेच्या दुःखाबरोबर तिच्या हक्काचाही प्रश्न विचारला गेला, तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ केवळ अभ्यासक्रमातील एक नोंद राहणार नाही.