साधने आणि प्रतिज्ञा

मराठीतील संशोधनपर प्रबंधांची कोणतीही सूची उघडावी. अपूर्णविरामाच्या अलीकडे एखाद्या लेखकाचे किंवा वाङ्मयप्रकाराचे नाव आणि पलीकडे ‘एक अभ्यास’, फार तर ‘एक चिकित्सक अभ्यास’, अशी शीर्षके ओळीने आढळतात. अशा शीर्षकात विषय असतो, विधान नसते. आणि पुष्कळदा प्रबंध वाचून संपला तरी ते सापडत नाही. साधने जमविण्यात प्रबंधकाराने कसूर केलेली नसते. ग्रंथालये पालथी घातलेली असतात, टिपणे विषयवार लावलेली असतात, आणि मग त्या टिपणांनाच प्रकरणांचे रूप दिले जाते. उपसंहारात ‘वरील विवेचनावरून असे दिसून येते की’ या शब्दांमागून जे येते तो आधीच्या प्रकरणांचा गोषवारा असतो.

वास्तविक ‘साधन’ हा शब्दच साध्याची अपेक्षा बाळगणारा आहे. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला. पुढे एकंदर बावीस खंड झाले. आज मात्र आपण तो शब्द ‘जुने कागद’ एवढ्याच अर्थाने वापरतो. कशाचे साधन, हा प्रश्न गळून पडला आहे. न्यायशास्त्रात तो गळू शकत नाही. तेथे अनुमानवाक्याचा पहिला अवयव प्रतिज्ञा हा होय. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा. ‘धूर असल्यामुळे’ हा हेतू. आपले बरेचसे प्रबंध पर्वतावर धूर दिसतो येथेच थांबतात, आणि धुराचे वर्णन मात्र फार बारकाईने करतात.

नैयायिकांनी केलेला आणखी एक भेद येथे उपयोगी पडतो. स्वतःपुरते ज्ञान होताना आधी धूर दिसतो, मग धूर आणि अग्नी यांचे साहचर्य आठवते आणि शेवटी अग्नी कळतो, हे स्वार्थानुमान. दुसऱ्याला तेच पटवून द्यावयाचे तर प्रतिज्ञेपासून आरंभ करावा लागतो, हे परार्थानुमान. संशोधन पहिल्या क्रमाने होते, लेखन दुसऱ्या. संशोधनाचा क्रमच लेखनात उतरविला की वाचकाला अभ्यासकाची सारी भ्रमंती घडते, परंतु तो कोठे पोहोचला हे कळत नाही.

आता प्रतिज्ञा येते कोठून? ती कोणत्याही एका साधनात लिहून ठेवलेली नसते. दोन साधने एकमेकांशी जुळत नाहीत आणि तरीही दोन्ही टाकून देता येत नाहीत, अशा ठिकाणी ती उद्भवते. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (1984) हा ग्रंथ या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. पुराणांच्या नावावर असलेली संस्कृत पांडुरंगमाहात्म्ये विठ्ठलाला विष्णू-कृष्णाचे रूप म्हणून सांगतात. तेराव्या शतकातील शिलालेखांत, त्यांतही ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 1273 ते 1277 या काळातील लेखात, प्रतिष्ठा आणि दानाश्रय लाभलेला देव दिसतो. परंतु कोल्हापूर जिल्ह्यात पट्टण कोडोलीला धनगरांचा विठोबा बिरदेवासह पुजला जातो, आणि त्या उपासनेवर पुराणांची छाया फारशी नाही. शिवाय रखुमाई विठ्ठलाशेजारी उभी नाही. तिचे मंदिर वेगळे आहे. ती रुसून दिंडीरवनात गेली, ही कथा त्याचे स्पष्टीकरण म्हणून सांगतात. ज्या वस्तुस्थितीसाठी एवढी कथा रचावी लागते ती कथेपेक्षा जुनी असावी, अशी शंका येथे यावयास हवी. ढेरे यांना ती आली. तिरुपतीच्या वेंकटेशाची पत्नी पद्मावती हीही पतीपासून दूर नांदते, हे साम्य त्यांनी पुढे ठेवले. या विसंगतींमधून त्यांचे म्हणणे आकाराला आले: विठ्ठल हा मूळचा गवळी-धनगरांचा देव असून त्याचे वैष्णवीकरण उत्तरकालीन आहे. हे विधान नाकारता येते. धनगरांनी पंढरपूरचा विठोबा मागाहून उचलला, असे कोणी साधार दाखविले तर ते कोसळेल. म्हणूनच ती प्रतिज्ञा आहे.

शीर्षकातील ‘महासमन्वय’ या शब्दाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. शैव, वैष्णव, लौकिक, वैदिक असे कोणतेही साधन नव्याने हाती आले तरी समन्वय त्याला पोटात घेतो. त्याला बाधक असे साधन कल्पिताच येत नाही. आणि हे वर्णन जगन्नाथाला किंवा वेंकटेशाला लावले तरी ते तितकेच खरे ठरते. हा अतिव्याप्तीचा दोष होय. ढेरे यांच्या व्यासंगापुढे नम्र होऊनही हे म्हटले पाहिजे की त्यांच्या ग्रंथाची खरी प्रतिज्ञा मुखपृष्ठावर नाही. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2011 साली निघाला, त्याचे नाव लोकदेवाचा उदय अशा अर्थाचे आहे. अनुवादात मुखपृष्ठावर समन्वयाऐवजी लोकदेव आला, हे मला सूचक वाटते.

याच ग्रंथातील दुसरे विधान आकाराने लहान, पण धारदार आहे. स्कंदपुराणाच्या नावावरील माहात्म्यात विठ्ठलमूर्तीच्या हृदयावर मंत्राक्षरे असल्याचे वर्णन येते. पंढरपूरच्या विद्यमान मूर्तीवर ती नाहीत. माढे येथील मूर्तीवर आहेत. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, 1659 साली, मूर्ती माढ्याला हलविल्याची परंपराही आहे. यावरून आद्य मूर्ती माढ्याची, असे ढेरे यांनी मांडले. भाविकांना हे रुचणे कठीणच होते. पण आक्षेप भावनेचा नसून हेतूचा घ्यावयास हवा. माहात्म्य वाचून कोणी माढ्याच्या मूर्तीवर अक्षरे कोरून घेतली असतील तरीही साधने आहेत तशीच दिसतील. माहात्म्यकाराने डोळ्यांपुढची मूर्ती वर्णिली, की उपासनेसाठी कल्पिलेले ध्यान, हेही त्या श्लोकांवरून निश्चित होत नाही. हेतू साध्याला सोडूनही राहू शकतो. नैयायिक याला सव्यभिचार म्हणतील.

असे असूनही, विद्यार्थ्याने अभ्यासासाठी निवड करावयाची तर ‘महासमन्वया’पेक्षा माढ्याचे विधान निवडावे असे मी म्हणेन. ते चुकीचे ठरू शकते, आणि कोणत्या पुराव्याने चुकीचे ठरेल हेही सांगता येते. त्याला साधनांच्या मापाने कातरून घेता येते. ‘आद्य मूर्ती माढ्याची’ येथून मागे येऊन, ‘माहात्म्यकाराला अभिप्रेत असलेली मूर्ती आणि आजची पंढरपूरची मूर्ती यांच्यात भेद आहे’ एवढे विधान उभे राहते. ते पहिल्याइतके खळबळजनक नाही, पण मूर्ती आणि श्लोक या दोहोंच्या आधाराने ते पेलता येते. त्यापुढे पाऊल टाकावयाचे तर दोन काळ स्वतंत्रपणे ठरवावे लागतील: माहात्म्याच्या रचनेचा, आणि माढ्याच्या मूर्तीवरील अक्षरवळणांचा. दुसरा पहिल्यानंतरचा निघाला, तर प्रतिज्ञा उलट्या दिशेने लिहावी लागेल.