शरद जोशींचं गृहीतक आणि पिंपळगावची मिरची

संशोधनाची तयारी करताना एक सराव करून पाहा. ज्याच्याबद्दल मनात आदर आहे अशा माणसाचा एखादा दावा घ्या आणि तो कशाने खोटा ठरेल, ते लिहून काढा. मी शरद जोशी निवडले.

जोशी आधी टपाल सेवेत होते, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत. ती नोकरी सोडून १९७७ मध्ये त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती सुरू केली. हिशेब ठेवला आणि तो तोट्यात निघाला. पुढे कांदा आंदोलन, शेतकरी संघटना, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष आणि २००४ ते २०१० राज्यसभा.

त्यांचा दावा थोडक्यात असा: शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून गरीब नाही, निर्यातबंदी, लेव्ही, कापसाची एकाधिकार खरेदी अशा मार्गांनी सरकार भाव पाडतं म्हणून गरीब आहे. या दाव्याची ताकद म्हणजे तो मोजता येतो. गॅटच्या वाटाघाटींत भारत सरकारने स्वतः दिलेल्या आकड्यांतच पिकांना मिळणारा आधार उणे निघाला, आणि जोशींनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. विरोधकाच्याच वहीतून पुरावा काढणं कसं असतं, ते इथे शिका.

आता अडचण. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. पण दाम द्यायचे कोणी? सरकारने उत्पादन खर्चावर भाव द्यायचा, की बाजारातून हात काढून घ्यायचा? या दोन वेगळ्या मागण्या आहेत. सरकार बाजूला झालं की खर्च भरून निघेल असा भाव आपोआप मिळेल, हा दोन्हींना जोडणारा दुवा. तोच तपासायला हवा.

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजाराकडे पाहा. हिरव्या मिरचीला हमीभाव नाही, सरकारी खरेदी नाही. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. तरीही आवक वाढली की भाव कोसळतोच. म्हणजे सरकार हे एक कारण असेल, एकमेव नाही. नाशवंत माल, साठवण, उधारी हीसुद्धा कारणं आहेत.

जोशींच्या बाजूने उत्तर येईल की नियमन गेलं, पण रस्ते, शीतगृहं, प्रक्रिया कुठे आहे? उत्तर रास्त आहे. पण प्रत्येक अपयशानंतर ‘स्वातंत्र्य अजून पुरेसं नव्हतं’ एवढंच म्हणत राहिलो, तर गृहीतकाची श्रद्धा होते. किती स्वातंत्र्य म्हणजे पुरेसं, हे आधी ठरवा, मग आकडे गोळा करा. वारंवार निर्यातबंदी सोसणारा कांदा आणि आपली मिरची, यांची तुलना हा चांगला आराखडा होऊ शकतो.

आणि एक. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झालं. ते एक मत जोशींचं होतं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवणाऱ्या माणसाचं! आरक्षित मतदारसंघ दर वेळी बदलण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. एकटं पडायची ही तयारी मला भावते. पण धाडस म्हणजे पुरावा नव्हे. आदर मनात ठेवा, वहीत फक्त हिशेब लिहा. आंबेठाणला त्यांनीही तेच केलं होतं.