महिला सक्षमीकरणाचे अर्थकारण आणि पेण-रोह्यातील असंघटित स्त्री-श्रम : एक चिकित्सा

असंघटित क्षेत्रातील स्त्रियांच्या आर्थिक स्वावलंबनाचा विचार महाराष्ट्रात प्रामुख्याने बचत गटाच्या चौकटीत झालेला दिसतो. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट व बँका यांची सांगड घातली. या चळवळीमुळे ग्रामीण स्त्री बँकेची पायरी चढली, हे श्रेय निर्विवाद आहे. मात्र बचत केली की सुरक्षितता आपोआप येते, हे तिचे गृहीतक रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पेणची ख्याती गणेशमूर्ती व पोह्याचे पापड यांसाठी आहे. मूर्ती घासणे, रंगवणे, पापड लाटणे व वाळवणे ही कामे स्त्रिया नगावर अथवा वजनावर करतात. त्यांतील बरेचसे काम घरीच होते. (‘घरबसल्या काम’ हा शब्दप्रयोगच त्या श्रमाचे मोल कमी करतो.) गणपती झाले की रंगकाम ओसरते, पापडाचे वाळवण पावसाच्या तोंडावर थांबते. या तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरताच वीटभट्ट्यांवर जातात. तेथे उचल बहुधा पुरुषाच्या नावे लिहिली जाते व मजुरी जोडप्याची मिळून मोजली जाते. अशा स्त्रीच्या नावे खाते उघडले, तरी त्यात जमा व्हावे असे तिचे स्वतंत्र वेतन हिशेबात नसतेच.

ठेवीची सुरक्षितता हा दुसरा प्रश्न. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध लादले. त्या काळी ठेवींना एक लाख रुपयांपर्यंतच विमासंरक्षण होते. २०२० मध्ये ती मर्यादा पाच लाख झाली. परंतु बाळंतपण, आजारपण, शाळेची फी यांसाठी वेळेवर हाती न येणारी रक्कम विम्याच्या मर्यादेत असूनही निरुपयोगी ठरते.

अहमदाबादच्या ‘सेवा’ या संघटनेची कामगार संघ म्हणून नोंदणी १९७२ मध्ये झाली आणि तिची बँक १९७४ मध्ये उभी राहिली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. बचत गटाच्या धोरणात मात्र बँक आधी आली व ‘कामगार’ ही ओळख मागे राहिली. घरी काम करणाऱ्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९६ च्या ठरावास भारताने मान्यता दिलेली नाही. २०२१ पासूनच्या ई-श्रम नोंदणीने क्रमांक दिला. कामाचा दर ठरविण्यात वाटा दिला नाही. गटांच्या मूल्यमापनात कर्जफेडीची टक्केवारी आवर्जून विचारली जाते. मूर्तीमागे रंगकामाचा दर कोणी ठरवला आणि भट्टीवरील उचल कोणाच्या नावे आहे, हे दोन रकानेही त्या अहवालांत असावयास हवेत.