अंगाई कोणासाठी?

‘ठरल्या वेळी पाळण्यात ठेवा, रडले तरी उचलू नका’ हा तान्ह्याला निजवण्याचा उपदेश आता आपल्याकडेही ऐकू येतो. अशा वेळी ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ (1977) ह्या चित्रपटातील ‘निंबोणीच्या झाडामागे’ हे गीत पुन्हा ऐकण्याजोगे आहे. शब्द मधुसूदन कालेलकरांचे, स्वर सुमन कल्याणपूर यांचा. चाल पेडण्यातील आरोबा गावी जन्मलेल्या एन. दत्तांची.

चराचर निजले, मूल तेवढे जागे. मात्र आरंभीचा प्रश्न बाळाला नाहीच. त्यातला ‘ग’ दुसऱ्या स्त्रीसाठी आहे. थकलेली आई गाऱ्हाणे सांगते आणि ते ऐकणारी कोणी जवळ आहे, हे गृहीत धरते.

ही आई देवकी नव्हे, यशोदा. नार्व्याची अष्टमी पाहिलेल्यांस हा भेद उकलून सांगणे नको. शेवटच्या कडव्यात पाळणाच रिकामा होतो. मूल निजवताना हे कडवे सहसा गळते. पण त्यावाचून मुलाच्या जागरणाचे मोल कळत नाही.

आजच्या दोन खोल्यांच्या घरात आईबापांनी आळीपाळीने जागावे, हे योग्यच. उणीव वेळापत्रकाची नाही. तो ‘ग’ ऐकणारीची आहे.