धावत्या खेळांतली घाई

इंटरनेट बंद असले की क्रोम ब्राउझरच्या पडद्यावर एक छोटा डायनोसॉर उभा दिसतो. कळ दाबली की तो धावू लागतो. समोरून येणाऱ्या निवडुंगांवरून त्याला उड्या मारायला लावायच्या, एवढाच हा खेळ. गूगलने तो २०१४ मध्ये आणला. पाठलाग करणारा कोणी नाही, घड्याळ लावलेले नाही. तरी दोन मिनिटांत तळहात ओले का होतात?

वेग वाढतो म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. थोडा हिशेब करू. खेळाची पट्टी मूळ मांडणीत ६०० ठिपके रुंद आहे. निवडुंग आरंभी सेकंदाला ३६० ठिपके सरकतात, सुमारे दोन मिनिटांनी ७८०. म्हणजे निवडुंग दिसल्यापासून आदळेपर्यंत आधी दीड सेकंद मिळतो, नंतर पाऊण सेकंदाहूनही कमी. पाहून बोट हलायला लागणारा पाव सेकंद मात्र तेवढाच राहतो. (वर्गात पट्टी सोडून पकडण्याचा प्रयोग करावा. २० सेंटिमीटरवर पकडली, तर ०.२ सेकंद.) घाई वाटते ती उरलेला वेळ आकसतो म्हणून. पण या खेळात वेग ७८० वर थांबतो आणि वेगाबरोबर निवडुंगांमधले अंतरही वाढवलेले असते. हा प्रामाणिकपणा आम्हांला आवडला.

अ‍ॅडम सॉल्ट्समन यांचा २००९ चा 'कॅनबॉल्ट' याहून सरस. गच्च्यांवरून पळणारा माणूस आणि एकच कळ. वाटेतल्या खोक्यांना धडकले की वेग कमी होतो. एरवी ही चूक ठरली असती. इथे जाणता खेळाडू मुद्दाम धडकतो आणि विचाराला वेळ मिळवतो. घाईचा लगाम थोडा तरी त्याच्या हाती असतो.

'टेम्पल रन'मध्ये (२०११) मागे राक्षसी माकडे लागतात. पण नीट धावलात तर ती कधीच गाठत नाहीत. अडखळलात की अगदी पाठीशी येतात. पाठलाग कसला, तो चुकीचा इशाराच म्हणायचा. नाटक आहे, पण चालेल.

आमची तक्रार 'सबवे सर्फर्स'बद्दल (२०१२) आहे. पकडले गेल्यावर तिथे किल्ल्या खर्चून धाव पुढे चालू ठेवता येते, आणि किल्ल्या खऱ्या पैशांनीही मिळतात. हा निर्णय घ्यायला काही सेकंदच दिलेले असतात. धावणारा तर पडलेला आहे, समोर गाडी नाही की अडथळा नाही. मग हे घड्याळ कशासाठी? इतका वेळ पाहताक्षणी हलायला शिकलेले बोट तेवढ्यात बटण दाबून मोकळे होते.