ब्राउझरमधील डेटाबेसची ‘सफाई’ : एक चिकित्सा

संगणकावरील ब्राउझर मंदावला की ‘डेटाबेस साफ करा’ हा सल्ला हमखास दिला जातो. सल्ला निराधार नाही. मात्र तो सरसकट दिला जातो, हा त्यातील दोष होय.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्स ३ ने भेट दिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास व बुकमार्क एकाच डेटाबेसमध्ये ठेवण्यास प्रारंभ केला. त्याचा आधार म्हणजे रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये निर्माण केलेली एसक्यूलाइट ही प्रणाली. तीत माहिती ठराविक आकाराच्या पानांवर साठविली जाते. नोंदी पुसल्याने एखादे पान पूर्ण रिकामे झाले, तरी ते केवळ मोकळ्या पानांच्या यादीत जाते; एरवी फाइलचा आकार घटत नाही. नव्या नोंदी जागा मिळेल तेथे बसतात व एकाच तक्त्याची पाने विखुरतात. ‘व्हॅक्यूम’ ही आज्ञा संपूर्ण डेटाबेस नव्याने रचून ही विस्कळितता दूर करते. त्यासाठी मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते, ही गोष्ट सल्लागार क्वचितच सांगतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर या पुनर्रचनेचा लाभ जाणवतो. सॉलिड स्टेट ड्राइव्हवर तो पुष्कळच कमी असतो.

तथापि मंदपणाचे कारण दरवेळी विखुरलेली पाने हेच असते काय? फायरफॉक्स ३ च्या चाचणी आवृत्त्या लिनक्सवर अडखळत, त्याचे कारण वेगळेच होते. नोंद डिस्कवर पक्की करण्याची आज्ञा एक्स्ट-३ या फाइलप्रणालीत इतर कार्यक्रमांचे प्रलंबित लेखनही पूर्ण होण्याची वाट पाहत असे. तेथे कितीही व्हॅक्यूम केले असते तरी उपयोग नव्हता. आपल्या शहरातील नहर-ए-अंबरीचा गाळ उपसल्याने प्रवाह मोकळा होईल. उगमालाच पाणी नसेल तर मात्र गाळ उपसून काय साधणार?

शिवाय आजचा फायरफॉक्स संगणक रिकामा असताना ठराविक कालावधीने ही पुनर्रचना स्वतःच करतो. त्यामुळे बाहेरच्या ‘क्लीनर’ कार्यक्रमांची गरज संशयास्पद ठरते.

येथील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एकच संगणक अनेक विद्यार्थी वापरतात. तेथे प्रश्न केवळ वेगाचा नाही. सुरक्षितपणे पुसण्याची सोय चालू नसेल, तर एसक्यूलाइटमधील पुसलेला मजकूर मोकळ्या पानांत तसाच राहू शकतो व जाणकारास वाचता येतो. माझ्या मते सफाईचे खरे समर्थन येथे आहे, वेगात नव्हे. याउलट डेटाबेसची फाइलच काढून टाकण्याचा उतावळा उपाय घातक होय. बुकमार्कच्या प्रती फायरफॉक्स वेगळ्या ठेवतो, म्हणून ते परत मिळू शकतात. इतिहासाची तशी प्रत नसते. महिनाभर संदर्भ शोधणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याचा माग त्या एका फाइलबरोबर नाहीसा होतो.