सोबत नेलेली मुलं

परदेशी जाण्याबद्दल मराठीत लिहिलेलं काहीही काढा, माणसांच्या जागा आधीच ठरलेल्या दिसतात. मुलगा तिकडे, आईवडील इकडे. मधे पत्र, नंतर फोन, आता व्हिडिओ कॉल. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने सत्तरच्या दशकात हे चित्र इतकं पक्कं केलं की त्यानंतरचं बरंच लेखन त्याच खोलीत वावरत राहिलं. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात, आणि घरात नाना-नानी. नाटक ताकदीचं आहे, नानींच्या भूमिकेतल्या विजया मेहतांबद्दल आजही जुनी माणसं भरभरून बोलतात. पण नाटक आईवडिलांच्या घराबाहेर पडत नाही. तिकडे गेलेल्याचा पगार, व्हिसा, भाडं, भीती यातलं काही प्रेक्षकासमोर येत नाही. खटला चालतो आणि एकाच पक्षाची साक्ष होते.

याला जोड म्हणून दुसरा एक प्रकार आहे. मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांचं पुस्तक. त्यात नायगारा असतो, डिशवॉशर असतो आणि ‘तिथली शिस्त’ असते. त्यावर जास्त बोलायला नको.

या दोन्हींत न बसणारी एक गोष्ट माझ्या घरात घडली, म्हणून मी हे सगळं जरा खुन्नसनेच वाचतो. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांना मस्कतला नोकरी लागली. तोवर ते शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मेंटेनन्सला होते, वय सत्तेचाळीस. आई आणि अकरावीतली बहीण त्यांच्याबरोबर गेली. मला डिग्री अर्धवट सोडता येईना. म्हणजे राजारामपुरीच्या घरात मागे राहिलो तो मुलगा, आणि विमानात बसले ते आईबाप. घरफाळा भरणं, सिलिंडर लावणं, पाहुण्यांच्या लग्नात अहेर पोचवणं, सगळं एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे. ‘जेवलास का?’ हा प्रश्न तिकडून इकडे यायचा, तोही ओमानच्या वेळेनं, दीड तास मागून. ‘संध्याछाया’ मी त्याच वर्षी वाचलं. नाना-नानींच्या जागी मी एकटा बसलोय हे लक्षात आलं तेव्हा हसू आलं, आणि नाटकाचा राग आला.

पन्नाशीकडे झुकलेला बाप नोकरीसाठी देश सोडतो आणि त्याची मुलं अर्धीमुर्धी मोठी झालेली असतात, ही काही आजची गोष्ट नाही. धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ (1924) घ्या. 1899 च्या अखेरीस गोव्यातलं घर सोडणं हा या आत्मकथनाचा कणा. बायको बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी माणिक मागे ठेवून हा माणूस बौद्ध धर्माच्या शोधात पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेपर्यंत जातो. मराठी वाचकाला हे कोसंबी ठाऊक आहेत. पण 1918 साली हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी ते दुसऱ्यांदा अमेरिकेला निघाले तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या बापाबरोबर दोन मुलं होती. अकरा वर्षांचा दामोदर, आणि तीच माणिक. एकोणीस वर्षांपूर्वी मागे ठेवलेली. बाळाबाई याही वेळी मागेच राहिल्या.

मला ‘निवेदन’ वाचताना सारखी माणिक हवी असते. पुस्तक वडिलांचं आहे, त्यामुळे तक्रार कोसंबींकडे नाही. तक्रार आपल्या वाचण्याकडे आहे. 1899 च्या गृहत्यागावर आपण किती बोलतो! आणि ज्या मुलीला आधी सोडलं गेलं, मग ऐन तारुण्यात उचलून बॉस्टनजवळच्या केंब्रिजला नेलं गेलं, जी तिथे रॅडक्लिफ कॉलेजात शिकली, ती चरित्रांमधून एका ओळीत येऊन जाते. दामोदरचं वेगळं. त्याची शाळा, हार्वर्ड, नॉर्बर्ट वीनरशी ओळख, सगळं नोंदलेलं आहे, कारण पुढे तो डी. डी. कोसंबी झाला.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. धर्मानंदांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं. अकराव्या वर्षी सोबत नेलेल्या मुलाचा भारतीय इतिहासावरचा मोठा ग्रंथ (1956) इंग्रजीत आहे. लहानपणी नेलेलं मूल दुसऱ्या भाषेत मोठं होतं, आणि ‘मला नेलं गेलं’ ही हकीकत सांगायची वेळ येते तेव्हा तिची भाषाही दुसरीच असते. मराठीत उरते ती मागे राहिलेल्यांची बाजू. गॅलरीतल्या आईवडिलांचं साहित्य आपल्याकडे उदंड का, याचं उत्तर मला रडकेपणात सापडत नाही, ते इथे सापडतं. लिहिणारे इकडेच होते.

म्हणूनच मोठेपणी नेलेली मुलं मोलाची. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत भाषा अंगात मुरलेली असते. माझी बहीण अजून ‘मी आलो, मी गेलो’ म्हणते, कोल्हापूरच्या पोरी म्हणतात तसं. मस्कतमध्ये पुण्याच्या बायका हसायच्या, तरी तिने सोडलं नाही. ती लिहीत नाही, हा भाग वेगळा. तिच्याइतकं वय असलेल्यांचा हिशेब कायदा मात्र चोख ठेवतो. अमेरिकेत आश्रित मूल एकविसाव्या वर्षी आश्रित राहत नाही, मग ते लहानपणापासून तिथेच वाढलेलं का असेना. ब्रिटनमध्ये सोबत न्यायचं तर साधारणपणे अठराच्या आत. अमिरातीत 2022 पासून मुलगा पंचविसापर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत, वयाची अट नाही. या शेवटच्या नियमात अख्खी कादंबरी आहे. कुणीतरी लिहायला हवी होती.

महेश एलकुंचवारांच्या वाडा-त्रयीत स्वीडनला गेलेला अभय ‘युगान्त’मध्ये परत येतो आणि बोलतो, भरपूर बोलतो. गेलेल्याला मराठी रंगभूमीवर इतका वेळ क्वचितच मिळाला असेल. पण अभय एकटा गेलेला, स्वतःहून गेलेला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, ‘तू चल, पण तिथे तुझं नाव डिपेंडंट असेल, चालेल का?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारला जातो तेव्हा बाप आणि मूल दोघंही प्रौढ असतात, दोघांचंही म्हणणं बरोबर असतं आणि एजंटचा फोन संध्याकाळपर्यंत यायचा असतो. नाटक म्हणून पाहिलं तर यात ‘संध्याछाया’पेक्षा कमी काही नाही. झोपेच्या गोळ्याही लागत नाहीत.

‘विसुद्धिमग्ग’ची ती आवृत्ती हार्वर्डच्या मालेत शेवटी 1950 साली निघाली, धर्मानंद 1947 साली सेवाग्रामला गेल्यानंतर तीन वर्षांनी. ज्या कामासाठी मुलांना घेऊन समुद्र ओलांडला त्याची एवढी नोंद आहे. त्या प्रवासात माणिकच्या ट्रंकेत काय होतं, हे मला त्याहून जास्त वाचायचं आहे.